ख्रिसमस ट्रीवर काचेची काकडी का लावतात?

हिलरोडवाली:
काल हिल रोडला ट्रीचं सामान घ्यायला गेले होते तर चांदण्यांच्या खोक्यात तळाशी एक काचेची हिरवी काकडी सापडली, बोटाएवढी, अंगावर बारीक फोड आणि वर सोनेरी टोपी. दुकानदार म्हणाला ही जर्मन लोकांची जुनी प्रथा, आदल्या रात्री सगळ्यात शेवटी फांद्यांत लपवायची आणि सकाळी ज्या पोराला पहिली दिसेल त्याला एक जादा गिफ्ट. घेतली मी, पण आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नाताळ आहे, येशूजन्माचा गोठा असतो, कुसवार म्हणजे नाताळचा फराळ असतो, ही काकडी कधी ऐकली नाही. खरंच जर्मन आहे का?

दादरचा_दीपक:
नाही हो ताई. मी चार वर्षं म्युनिकला होतो, शेजारच्या आजींना विचारलं तर त्यांना वाटलं मी सॅलडबद्दल बोलतोय. युगव्ह या संस्थेच्या 2016 च्या सर्व्हेत तर 91 टक्के जर्मन लोकांनी ही प्रथा ऐकलेलीच नव्हती. अमेरिकेत मात्र बऱ्याच जणांना माहितीये, मिशिगनमधलं बेरियन स्प्रिंग्ज गाव स्वतःला ख्रिसमस पिकलची, म्हणजे याच काकडीची, राजधानी म्हणवतं.

काचकाम:
प्रथा नसेल पण काच जर्मन आहे बरं का. जर्मनीच्या थुरिंजिया राज्यातलं लाउशा गाव, तिथले कारागीर घरातच आचेवर नळी तापवून साच्यात फुंकायचे आणि आतून चांदीचा मुलामा द्यायचे, नुसते बॉल नाही, फळं, अक्रोड सगळं. वूलवर्थ या अमेरिकन दुकानदाराने 1880 च्या दशकात हा माल अमेरिकेत विकायला आणला. मला तर वाटतं काकडी खपावी म्हणून कुणा विक्रेत्याने मागे गोष्ट जोडली, भाजी कोण टांगणार नाहीतर?

वसईची_सून:
अजून एक गोष्ट सांगतात. अमेरिकन यादवी युद्धात जर्मनीतल्या बव्हेरियात जन्मलेला एक सैनिक अँडरसनव्हिलच्या कैदेत उपाशी मरायला टेकला होता, पहारेकऱ्याने लोणच्याची काकडी दिली, तो जगला आणि मग दर नाताळला झाडात काकडी लपवू लागला. पुरावा काही नाही पण मला ही फार आवडते. आणि युक्रेनमध्ये झाडावर कोळी आणि जाळं लावतात ते माहितीये का, गरीब विधवेच्या झाडावर रात्री कोळ्यांनी जाळी विणली आणि सकाळी उन्हात ती चांदीची झाली म्हणे.

हिलरोडवाली:
सगळ्यांना थँक्यू. आता काकडी कापसात गुंडाळून कपाटात वर ठेवलीये, 24 ला पोरं झोपली की लपवते, आणि सकाळी जादा गिफ्टबरोबर त्या सैनिकाची गोष्ट पण सांगते. कोळ्यासाठी परत हिल रोडला जावं लागणार.