मदत हवी आहे: वहिनींना वजनासाठी आठवड्याचं इंजेक्शन सुचवलंय, सुरू करण्याआधी काय बघावं?

करवीरकर:
नमस्कार मंडळी. वहिनी 38 वर्षांच्या, उंची 158 सेंमी, वजन 92 किलो, बीएमआय जवळपास 37. शुगर आहे, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) 8.1. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या चालू. डॉक्टरांनी टिर्झेपाटाइडचं इंजेक्शन, 2.5 मिग्रॅ, सांगितलंय. वजन किती उतरतं, धोके काय? जिममधला एकजण बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणतोय, चालेल का?

पेठेतला फार्मासिस्ट:
जिमवाल्याच्या नादाला अजिबात लागू नका. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. मधल्या हातांनी ते कसं ठेवलं हे बघून कळत नाही. बिल आणि बॅच नंबर हवाच. घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. गोठलं तर वितळवून वापरू नका, टाकून द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ग्लिमेपिराइड. ही गोळी आणि इंजेक्शन मिळून शुगर एकदम खाली येऊ शकते, म्हणून पहिल्या इंजेक्शनआधीच त्या गोळीचा डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना विचारा. घाम, थरथर, आणि मीटरवर 70 च्या खाली दिसलं तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा.

2.5 चा डोस फक्त सवयीसाठी असतो, चार आठवडे. मग 5. पुढे वाढवायचा झाला तर प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे थांबून 2.5 ने, कमाल 15. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून घाईनं डोस वाढवला की उलट्या सुरू होतात. वार चुकला तर चार दिवसांच्या आत घ्या, नाहीतर तो डोस सोडून ठरलेल्या वारी पुढचा घ्या.

आहारतज्ज्ञ_ताराराणी:
वजनाचं बोलायचं तर, शुगर असलेल्यांत ते थोडं कमी उतरतं. याच औषधाच्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरमाउंट-2 चाचणीत 72 आठवड्यांत सरासरी 10 मिग्रॅवर 12.8 आणि 15 वर 14.7 टक्के घट दिसली. वहिनींच्या बाबतीत साधारण 12-13 किलो धरा.

औषधानं जठर हळू रिकामं होतं. त्यामुळे मिसळीचा कट, तांबड्या रश्शावरची तर्री, तळलेलं पोटात तासन्‌तास राहतं आणि मळमळतं. ताट निम्मं वाढा, पोट भरल्यासारखं वाटलं की तिथंच थांबा. भूक मरते म्हणून निव्वळ चहा-बिस्किटावर राहणं सगळ्यात वाईट. चरबीबरोबर स्नायूही जातात. मूत्रपिंड ठीक असेल तर दिवसाला 70 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम मिळतात, बाकी मटकी, दही, पनीर, चिकन यातून भरून काढा. रंकाळ्यावर चालणं चांगलंच, पण आठवड्यातून दोनदा वजनं उचलायचा व्यायामही हवा.

करवीरकर:
तीन महिने घेऊन बंद केलं तर?

पेठेतला फार्मासिस्ट:
वजन परत येतं. याच औषधाच्या सरमाउंट-4 चाचणीत 36 आठवड्यांनी औषध थांबवलेल्यांचं वजन पुढच्या वर्षभरात सरासरी 14 टक्के वाढलं. म्हणून खर्चाचा हिशेब वर्षाचा करा. वर्षभर परवडणार नसेल तर आधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइडचा एक दुर्मिळ कॅन्सर) असेल, किंवा वहिनींना स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. असा कॅन्सर घरात असल्यास हे औषध देतच नाहीत. डोळ्याचा पडदाही तपासून घ्या, शुगर झपाट्यानं उतरली की रेटिनोपॅथी (शुगरमुळे होणारा पडद्याचा आजार) बळावू शकते. पोटात वरच्या बाजूला असह्य दुखून पाठीत कळ गेली, उलट्या थांबेनात, तर अॅसिडिटीची गोळी देत बसू नका, थेट दवाखाना गाठा. पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सुरुवातीला आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे निरोधही वापरा, गोळीचा असर कमी होतो. मूल हवं असेल तर औषध कधी थांबवायचं हे आधी विचारून ठेवा. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना इंजेक्शनचं सांगायला विसरू नका.