कळीचा चुना विरवताना पाणी का उकळते?

प्रश्न
भिंतींना सफेदी करण्यासाठी कळीच्या चुन्याचे खडे आणले आहेत. ते पाण्यात टाकले की पाणी उकळू लागते, याचे कारण काय? तयार मिळणाऱ्या चुन्याच्या भुकटीलाही तितकेच जपावे लागते का?

प्रतिसाद १
हे दोन निराळे पदार्थ आहेत. चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि शुद्ध चुनखडीच्या १०० किलोंमागे ५६ किलो कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, उरतो. पाणी लागताच त्याचे खडे तडकतात, फुगतात, वाफ सोडत पिठासारखे भुगा होतात. त्याचे कॅल्शियम हायड्रॉक्साइड होताना इतकी उष्णता बाहेर पडते की, पाणी थोडे असेल तर ते उकळून अंगावर उडते. म्हणून आधी लोखंडी पिंपात भरपूर पाणी घ्यावे आणि त्यात खडे थोडे थोडे सोडावेत. खड्यांच्या ढिगावर पाणी कधीही ओतू नये. ॲल्युमिनियमचे भांडे तर नकोच, कारण चुना ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. भुकटी आधीच विरवलेली असल्याने ती तापत नाही, पण तिचा दाहकपणा कायम असतो.

प्रतिसाद २
या दाहकपणाकडेच लोक दुर्लक्ष करतात, याचे मला फार वाईट वाटते. चुन्याच्या संपृक्त निवळीचा सामू (pH) सुमारे १२.४ असतो, म्हणजे ती तीव्र अल्कधर्मी असते. अशा अल्कामुळे डोळ्याच्या पारदर्शक पटलाला खोलवर इजा होते आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. बाजूंनी बंद असलेला चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय कामाला हात लावू नये.

प्रश्नकर्ता
चुना डोळ्यात उडालाच, तर व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाने तो निष्प्रभ करता येईल का?

प्रतिसाद २
मुळीच नाही. आम्लाने डोळ्याला आणखी इजा होईल. पापण्या उघड्या धरून, आत अडकलेले कण निघून जातील अशा बेताने, निदान अर्धा तास स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे जावे. अंगावर कोरडी कळी सांडली, तर ती आधी झटकावी आणि मगच भरपूर पाण्याने धुवावे.

प्रतिसाद ३
सफेदीचे हात पातळच द्यावेत. विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि त्यामुळेच भिंतीला पक्का धरतो; जाड थर मात्र वाळताना तडकून पोपडे सुटतात. उरलेली कळी हवाबंद डब्यात, कोरड्या जागी आणि भुसा, कागद, गवत यांपासून दूर ठेवावी, कारण तिला ओल लागली तर त्या उष्णतेने जवळच्या वस्तू पेट घेऊ शकतात.