त्रैमासिकाची वेबसाइट: सीएमएस बनवून घ्यावं की वर्डप्रेस?

वाईकर_संपादक:
आमचं त्रैमासिक वाईहून निघतं. जुने अंक पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रॅममध्ये, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत. आता सगळं वेबवर आणायचंय. त्यासाठी सीएमएस, म्हणजे वेबसाइटवर मजकूर चढवायची-सांभाळायची प्रणाली हवी; वर्डप्रेस ही तशी तयार प्रणाली. ओळखीतला एक मुलगा म्हणतो, "काका, वर्डप्रेसमधलं निम्म्याहून जास्त तुम्हाला लागणारच नाही. लाराव्हेल वापरून मी स्वतः कोड लिहितो, हवं तेवढंच करून देतो." आम्हाला अंक, विभाग आणि लेखकसूची हवी. संपादक दोघं, दोघंही साठीपुढचे. करून घ्यावं का?

खिळेजुळारी:
नका घेऊ. मसुदा जपणं, लेखाची आधीची आवृत्ती परत आणणं, फोटो लहान करणं, विसरलेला पासवर्ड, हे सगळं तो मुलगा नव्याने लिहिणार. उद्या त्याला पुण्यात नोकरी लागली की तुम्ही कोणाला फोन करणार? वर्डप्रेस २००३ पासून आहे, जाणणारा माणूस साताऱ्यातही मिळेल. अंक आणि विभाग दोन वेगळ्या वर्गवाऱ्या करा, काम भागतं.

लेखाच्या वेबवरच्या पत्त्याची (यूआरएलची) मात्र काळजी घ्या. वर्डप्रेस शीर्षकावरून लेखाचा पत्ता बनवतो. त्याला जागा २०० वर्णांची आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तसुद्धा, त्यात ९ जागा खातं (‘स’ तिथे %E0%A4%B8 असा लिहिला जातो). म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ‘सातारा जिल्ह्यातील गढ्यांचा शोध’ दिलंत तर पत्ता ‘गढ्या’पाशी तुटतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर बऱ्याचदा टक्क्यांच्या खुणांची मालगाडी दिसते. पत्ता रोमन लिपीत, आखूड, हाताने लिहा. प्रकाशित करण्याआधीच.

नीरा_काठ:
वरच्याशी सहमत, पण लेखकसूचीबाबत मुलाचं म्हणणं अगदीच चूक नाही. वर्डप्रेसचा ‘लेखक’ म्हणजे लॉगिन असलेला माणूस. तुमचे निम्मे लेखक हयात नसतील, त्यांना कुठलं लॉगिन देता? लेखकांचीही वर्गवारी करा, प्रत्येक नावाला आपोआप पान मिळतं.

आणि खरा खर्च सीएमएसचा नाहीच. श्रीलिपीचं युनिकोड (वेबवर चालणारी अक्षरांची पद्धत) करताना ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. ‘कार्य’सारखे शब्द डोळ्यांत तेल घालून बघावे लागतात. मुलाला द्यायचे पैसे मुद्रितशोधकाला द्या.

वाईकर_संपादक:
मुलगा वर्डप्रेसची थीम (साइटच्या दिसण्याचा साचा) करून द्यायला तयार झाला. पण डोमेन (साइटचं वेबवरचं नाव) त्याने स्वतःच्या नावावर घेतलंय म्हणे. चालतं का?

खिळेजुळारी:
छे! आधी ते संस्थेच्या नावावर करून घ्या, थीमचं मग बघू.