मदत हवी आहे: आई नजर चुकवून जाते, बाळ दाराशी बसून राहतं

नमस्कार. मी घरीच पाळणाघर चालवते. सात मुलं, मी आणि मदतीला दोन मावशी. पंधरा दिवसांपूर्वी 13 महिन्यांची एक चिमुरडी यायला लागली. आई तिला खेळण्यात गुंतवते आणि हळूच सटकते. मिनिटभरात हिच्या लक्षात येतं. मग दाराशी रांगत जाते आणि आईच्या चपला होत्या त्या फरशीवर हात फिरवत बसते. रडणं परवडलं, हे बघवत नाही.

साधारण 8 महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत ताटातुटीची ही भीती जोरात असते. म्हणून आईला म्हटलं, "टाटा करून जात जा, रडली तरी चालेल." तर म्हणते, "ताई, मग माझाच पाय निघत नाही हो."

मावशींचं निराळंच. "उचललं की सवय लागते, रडून रडून झोपेल." बुडापेस्टमध्ये 1946 साली बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांनी सुरू केलेल्या बालगृहात लंगोट बदलतानाही बाळाशी बोलत, घाई न करता बदलायचे. ते मी सांगितलं तर मावशी हसल्या! तरी तिचं दूध, झोप, शी-शू सगळं एकाच मावशींकडे सोपवलंय. आता थोडी बिलगते. पण त्या दांडी मारतात त्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आईची वापरलेली ओढणी जवळ ठेवून कुणाला उपयोग झालाय का? आणि आईला न दुखावता कसं पटवू?