मदत हवी आहे – पोरांच्या मॅचला रेफ्री म्हणून वाद कसा मिटवायचा?

भावांनो, यंदापासून १४ वर्षांखालच्या पोरांच्या फुटबॉल मॅचला शिट्टी घेऊन उभा राहतोय. आपल्या कोल्हापुरात फुटबॉलचं वेड किती हे सांगायला नको, शाहू स्टेडियमवर बघणारा प्रत्येक माणूसच रेफ्री असतोय.

रविवारी थ्रो-इनवरनं (बाजूच्या लाइनीबाहेर गेलेला बॉल हातानं आत टाकतात ते) बॉल थेट एकट्या पुढं थांबलेल्या पोराकडं गेला, त्यानं गोल मारला, मी गोल दिला, आणि पालक ऑफसाईड ऑफसाईड (म्हणजे समोरच्या टीमच्या बचाव करणाऱ्यांच्या पुढं थांबून बॉल घेतला) असं ओरडत लाइनीच्या आत. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवरनं थेट आलेल्या बॉलला ऑफसाईड नसतंय, फुटबॉलच्या नियमावलीत नियम ११ मध्ये स्पष्ट आहे, पण ऐकतंय कोण! कोच तर छातीला छाती लावून उभा. आणि गोलकीपर बारकं पोरगं, ग्लोव्हज तोंडावर धरून रडायला लागलं, ते माझ्या डोळ्यापुढनं जाईना झालंय.

२०१९ पासून कोचलाही पिवळं कार्ड दाखवता येतंय हे माहीत आहे, पण पोरांसमोर त्यांच्या सरांना कार्ड काढायला हात उचलत नाही. तुम्ही काय करता? तिथंच नियम समजावता का फक्त कॅप्टनशी बोलून खेळ सुरू करता? आणि खरंच माझं चुकलं असंल, खेळ पुन्हा सुरू झाल्यावर निर्णय तर फिरवता येत नाही, मग त्या पोरांना काय सांगायचं? अनुभवी लोकांनी जरा सविस्तर लिवा, पुढच्या रविवारी परत मॅच आहे.