बॅकवॉटरला केंदाळावर तणनाशक मारू द्यावं का?

भीमाकाठचा:
मंडळी, आमचं गाव उजनीच्या बॅकवॉटरला, भिगवणच्या जवळ. यंदा केंदाळ म्हणजे जलपर्णी इतकी वाहून आलीय की होडी काठाला लागत नाही, काल वडलांचं जाळं ओढताना निम्मं फाटलं, चिलापी राहिली बाजूला आणि काळ्या मुळांचे झुपकेच वर आले. गावात आता तणनाशक मारायचं चाललंय. मला भीती वाटते, हेच पाणी माणसं पितात, जनावरं पितात. काय करावं?

पाणथळ_वेडा:
दादा, मारू देऊ नका. फवारलेलं केंदाळ आहे तिथंच बुडून कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खेचतं, मग जाळं धड राहील पण त्यात यायला मासा नसेल. आणि बी तळाशी असतंच, ते १५-२० वर्षंसुद्धा जिवंत राहू शकतं. जांभळा तुरा सुकला की बघा, दांडा आपोआप वाकून पाण्यात जातो आणि बी तिथंच सोडतो, म्हणून काढायचं तर फुलं यायच्या आधी.

माळावरची:
आमच्या तळ्यावर जेसीबीने काढलं होतं, पण ढीग काठालाच ठेवला आणि पहिल्या पावसात निम्मा परत पाण्यात गेला, फार वाईट वाटलं. लांब नेऊन वाळवा. शहराच्या सांडपाण्यातलं असेल तर जनावरांना घालू नका, ते जड धातू शोषून घेतं.

भीमाकाठचा:
ताई, काढलं तरी पुण्याकडून परत येणारच ना? आणि ते भुंगे सोडतात म्हणे, त्याने होतं का काही?

पाणथळ_वेडा:
येणार, मुळा-मुठेचं मैलापाणी भीमेत येतंय तोवर येणारच, नायट्रोजन-फॉस्फरस मिळाला की ही वनस्पती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, मूळची दक्षिण अमेरिकेची, इथं तिला खाणारं कुणी नाही. भुंगे तिकडचेच, आपल्याकडे १९८० च्या दशकात आणले, पानं कुरतडतात, अळी देठ पोखरते, पण वर्षं लागतात आणि वरून रोज नवं वाहून येत असेल तर पुरे पडत नाहीत. तुम्ही निदान उथळ पाणी मोकळं ठेवा, रोहित पक्षी तिथंच चरतात, केंदाळ पसरलं तर त्यांना चोच घालायला जागा उरत नाही. काठचं पाणकणीस मात्र उपटू नका, जांभळ्या पाणकोंबडीचं घरटं त्यातच असतं.

भीमाकाठचा:
बरं झालं विचारलं. पर्यटकांना रोहित दाखवून आमच्या कितीतरी होड्या चालतात, हे सांगितलं की ग्रामसभेत ऐकतील. तुरे अजून आले नाहीत, रविवारी पोरं घेऊन उतरतो.