ब्लीचिंग पावडर अंदाजाने टाकू नका

कुणीतरी लिहिलंय, लष्करात प्रतिबंधक आरोग्य विभागाच्या प्रमुखाचं काम म्हणजे लसी आणि सह्या. लसी दिसतात म्हणून तसं वाटतं. निम्मं डोकं पिण्याचं पाणी शुद्ध ठेवण्यात जातं.

पुरात कोल्हापुरात आलेल्या तुकडीचा कँप धरा. पावडरचा डोस पोत्यावर लिहिलेल्या ३३ टक्के क्लोरीनवरून काढायचा नाही; दमट हवेत उघड्या पोत्यातला क्लोरीन भराभर उडतो. म्हणून हॉरॉक्सची पेटी, म्हणजे पाण्याला किती पावडर लागेल ते तपासायचा संच (तोही लष्करी डॉक्टरनेच काढलेला). काळ्या कपात २ ग्रॅम पावडर कालवून निवळू द्यायची. सहा पांढऱ्या कपांत टाकीचं पाणी. वरच्या निवळीचा पहिल्यात १ थेंब, दुसऱ्यात २, असे सहापर्यंत. ढवळून अर्धा तास थांबा, मग प्रत्येक कपात स्टार्च-आयोडाइड; क्लोरीन उरला असेल तर ते निळं होतं. तिसऱ्या कपापासून निळं दिसलं, तर ४५५ लिटरला ३ (कपाचा क्रमांक) × २ = ६ ग्रॅम पावडर.

पंचगंगेचं गढूळ पाणी असेल तर आधी तुरटी, नाहीतर गाळच क्लोरीन खातो. तासाभराने लिटरला ०.५ मिलिग्रॅम मोकळा (कशाशी न बांधलेला) क्लोरीन उरला पाहिजे, आणि तो टाकीत नव्हे, लंगरच्या (लष्करी स्वयंपाकघराच्या) शेवटच्या नळाला मोजायचा. वासावर तर मुळीच जाऊ नका. अमोनियाशी बांधलेल्या क्लोरीनलाही वास येतोच, पण तो मोकळा नव्हे.